'डी'त अडकलेली प्रोसेस: स्क्रिप्टच्या आधी डीमेसेज बघा

दादा, उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या सर्व्हरवर बिलिंगची प्रोसेस लटकते, किल -9 (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) दिलं तरी जागची हलत नाही, म्हणून दर मिनिटाला पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवणारी स्क्रिप्ट लिहू का, असं तुम्ही विचारलंय. लिहा की, कोण नको म्हणतंय! पण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, के-हंग-टास्क-डी नावाचा थ्रेड बहुतेक ठिकाणी आधीच ही राखण करत बसलेला असतो.

त्याची युक्ती मला फार आवडते. पीएसमध्ये 'डी' दिसणाऱ्या, म्हणजे सिग्नललाही दाद न देता झोपलेल्या प्रोसेसचा कॉन्टेक्स्ट स्विचचा (ती सीपीयूवरून किती वेळा बाजूला झाली त्याचा) आकडा तो टिपून ठेवतो. सहसा 120 सेकंदांत तो आकडा बदलला नाही, तर प्रोसेसचं नाव, पीआयडी (तिचा नंबर) आणि कर्नलमध्ये नेमकी कुठे अडकली त्याचा स्टॅक (एकातून एक बोलावलेल्या फंक्शनांची यादी) लॉगमध्ये टाकतो; तो लॉग डीमेसेज कमांडने दिसतो. पीएसला हा स्टॅक कुठून दिसणार?

मात्र दोन गोम आहेत. सुरुवातीच्या सेटिंगला 10 इशारे झाले की तो गप्प बसतो, त्यामुळे लॉग शांत म्हणजे सगळं आलबेल असं धरू नका. दुसरं, एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइल्सवर) वाट बघणाऱ्या 'किलेबल' प्रोसेसकडे तो मुद्दाम काणाडोळा करतो. त्या 2008 पासून किल -9 ला मरतात, पण पीएसमध्ये अक्षर तेच, 'डी'!

तुमची मरत नाही म्हटल्यावर मला संशय डिस्कचा किंवा तिच्या केबलचा. वरच्या उत्तरात कुणीतरी रॅम वाढवा म्हटलंय, ते तूर्त सोडा. स्टॅक इथे टाका, बघूया.