समुद्र नसलेल्या मराठवाड्यात समुद्रातले जिवाणू कशाला?

परभणीकर
पोराच्या कॉलेजात गेल्या आठवड्यात व्याख्यान झालं, समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर. ‘आपला प्रत्येक दुसरा श्वास समुद्राचा’ असं पाहुणे म्हणाले. पोरगं घरी येऊन तेच घोकायलंय. मी विचारलं, हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत काय असतं रे? गप्प! रान दारात आहे, हरभरा फुलावर आहे, आणि ह्याला माहिती अटलांटिकची. आमच्या पोरांना आधी पायाखालची माती शिकवा. माझं मत स्पष्ट आहे, पटत नसेल तर बोला.

लातूरची मास्तरीण
दादा, नाही पटलं. तुमच्या गाठीतलं रायझोबियम, म्हणजे एक जिवाणूच, हवेतला नायट्रोजन पिकाला देतं. अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियम नावाचा जिवाणू तेच काम करतो, तेही मूळ नाही, गाठ नाही, उघड्या पाण्यात. पाण्यावर त्याची साय धरली की जुने खलाशी त्याला समुद्राचा भुसा म्हणायचे. दोन्ही एकत्र शिकवले तर पोराला दोन्ही कळतील. आणि प्रोक्लोरोकोकस घ्या. जगात सर्वांत जास्त संख्येने असलेला, उन्हावर अन्न करणारा जीव, पण आकार जेमतेम ०.६ मायक्रॉन. १९८० च्या दशकापर्यंत तो कुणाला माहीतच नव्हता. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचीही मान वर करतात.

जुना_बीएस्सी (नांदेड)
ताई, मान वर करतात ते ठीक, पण ‘दुसरा श्वास’ हे कॅलेंडरवरचं वाक्य आहे. प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा समुद्राचा, हे खरं. पण तिथे तयार झालेला प्राणवायू जवळजवळ सगळा तिथलेच जीव वापरून टाकतात. आपण ओढतो तो कोट्यवधी वर्षांचा साठा. त्याची सुरुवात नीलहरित जिवाणूंनी केली, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साचू लागला. पाहुण्यांनी विषाणूंबद्दल सांगायला हवं होतं. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाख जिवाणू आणि त्यांच्या दसपट विषाणू. हे विषाणू रोज पाचवा हिस्सा जिवाणू फोडतात असा अंदाज आहे. फुटलेल्यांचं खत बाकीच्यांना. उकिरडाच म्हणा की, फक्त खारा.

तूरवाला (बीड)
उकिरड्यावरून आठवलं. चिबडलेल्या रानात, वापसा नसताना युरिया टाकला की पैसे गेले, हे आम्हाला पुस्तकाशिवाय कळतं. पाणी साचलं की मातीत हवा राहत नाही, मग जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढतात आणि नायट्रोजन उडून जातो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एका लेखात वाचलं, अरबी समुद्रात खोलवर प्राणवायू फार कमी असलेला मोठा पट्टा आहे, तिथे हेच चाललंय. म्हणजे आमचं चिबड रानच ते, फक्त केवढं तरी मोठं! परभणीकर, तुमच्या पोराला हे सांगा. शेताचंच आहे.

परभणीकर
बीडवाले, हे मान्य. पण बघा, तुम्ही रानातून समुद्रात गेलात. पाहुणे उलटीकडून आले, रानापर्यंत पोचलेच नाहीत. माझं भांडण एवढंच आहे.

लातूरची मास्तरीण
मग भांडण पाहुण्यांशी, समुद्राशी नाही. वरचा मथळा बदला की!

परभणीकर
मथळा राहू द्या, ताई. आज सकाळी पोराला रानात नेलं, हरभरा उपटला, गाठ नखाने फोडली. आत गुलाबी. म्हणतोय, “आबा, समुद्रातलंही असंच गुलाबी असतं का?” आता हे कोण सांगणार?