सिंचनासाठी नवीन बोअर घेण्यावर गावाने बंदी घालावी का?

बालाघाटकर:
आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर आहे. येत्या ग्रामसभेत सिंचनासाठी नवीन बोअर घेऊ नये असा ठराव मांडला जाणार असून, त्यावरून गावात आतापासूनच दोन तट पडले आहेत. आजोबांच्या काळी आमच्या मळ्यात 45 फुटांची विहीर होती, तिच्यावर मोट चालत असे आणि विहीर आटली की उन्हाळी पीक तिथेच थांबत असे. आता रात्री बोअरची गाडी येते, पहाटेपर्यंत शिवारात दगडाचा पांढरा फुफाटा उडतो, 600 फुटांवर बोटभर धार लागते आणि आठवड्याच्या आत शेजारी 700 फुटांसाठी तीच गाडी बोलावतो. बोअरचे पाणी ‘खालचे’ असते, त्यामुळे विहिरींचा आणि त्याचा संबंध नाही, असे विरोधकांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे आहे? आणि या यंत्राने गावाचा व्यवहार नेमका कसा बदलला, हेही जाणकारांनी सांगावे.

भूस्तर:
संबंध नाही हे म्हणणे टिकणारे नाही. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. वाळूच्या थरात पाणी सगळीकडे मुरते, तसे या खडकात होत नाही. वरचा मुरूम व झिजलेला खडक, सच्छिद्र पट्टे, भेगा आणि दोन थरांमधील सांधे एवढ्याच ठिकाणी ते साठते. जसजसे खाली जावे तसतशा भेगा कमी व अरुंद होतात, म्हणून 600 फुटांखाली मोठा साठा सापडणे हा नियम नसून अपवाद आहे. जे पाणी तिथे सापडते ते अनेक वर्षांत साचलेले असते आणि एका पावसाळ्यात भरून येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट केसिंगची, म्हणजे बोअरच्या छिद्रात आतून बसवायच्या नळाची आहे. खर्च वाचवण्यासाठी केसिंग पाइप बहुधा मुरूम संपेपर्यंतच घालतात आणि त्याखालचे छिद्र उघडेच राहते. वरच्या थरातले पाणी, जे विहिरीत यायला हवे होते, ते या उघड्या छिद्रातून खालच्या कोरड्या भेगांत उतरते. पावसाळ्यानंतर कोरड्या गेलेल्या बोअरच्या तोंडाशी कान लावून पाहा. पुष्कळदा आत पाणी ठिबकल्याचा आवाज येतो. तो आवाज तुमच्या विहिरीच्या पाण्याचा असण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे पाणी न लागलेली बोअरसुद्धा निरुपद्रवी नसते, आणि ती नुसती दगड टाकून सोडून देणे योग्य नाही.

गोदातीर:
वरील विवेचन मान्य करूनही, या यंत्राचे दुसरे अंगही नोंदवले पाहिजे, असे मला वाटते. 1972 च्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांत बोअर घेणारी यंत्रे पोहोचली ती मुख्यतः पिण्याच्या पाण्यासाठी. तोवरचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापराचे होते. अख्खे गाव दिवसभर दांडा मारू लागल्यावर ते पाहता पाहता मोडत. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या मजबूत पंपांनी ही अडचण बरीच दूर केली, आणि सोलापूरच्या पंपावरूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा देशभर बसवला गेलेला हातपंप विकसित झाला.

दलित वस्तीत हातपंप बसला तेव्हा काय बदलले, हे गावच्या विहिरीवर कोणी वरून पाणी वाढेल म्हणून घागर घेऊन ताटकळलेल्या बायकांनाच विचारावे. विहिरीवरची शिवाशिव कायद्याने हटली नव्हती, ती वस्तीतल्या पंपाने निदान टाळता आली. मन बदलले असे मी म्हणणार नाही.

परंतु हाच हातपंप साधारण 150 फुटांपलीकडचे पाणी उचलू शकत नाही. भोवतालच्या शेतांत सबमर्सिबल मोटरी बसल्या, पातळी खाली गेली आणि सर्वांत आधी कोरडे पडले ते हे पंप. खोल बोअरच्या पाण्यात काही भागांत फ्लोराइड येते. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत दात व हाडांचे विकार त्यामुळेच झाले आहेत. पिण्याचे पाणी सिंचनाच्या बोअरपासून वाचवणे हा तुमच्या ठरावाचा पहिला हेतू असावा.

मोसंबीवाला:
मी जालना जिल्ह्यातला बागायतदार आहे आणि या ठरावाला माझा विरोध आहे. ज्वारी एका हंगामात गेली तर पुढच्या वर्षी पेरता येते; मोसंबीचे झाड एका उन्हाळ्यात वाळले तर कित्येक वर्षांची मेहनत सरपणात जाते. अशा उन्हाळ्यात माणूस पाणी कुठे लागेल ते सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहतो का हेसुद्धा पाहतो, आणि सावकाराचे पैसे काढून गाडी बोलावतो. ते शहाणपणाचे नाही हे त्यालाही कळते.

शिवाय, बंदी फक्त नव्या बोअरवर घातली तर ज्यांनी आधीच चार-चार घेतल्या त्यांचे पाणी शाबूत राहते आणि ज्याला आजवर ऐपत नव्हती तो कायमचा कोरडवाहू ठरतो. हा न्याय कसला?

भूस्तर:
मोसंबीवाल्यांचा शेवटचा मुद्दा बिनतोड आहे, आणि बहुतेक ठराव तिथेच फसतात. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हक्काचे मानले. बोअरने त्या हक्काला दात आणले. विहिरीतले पाणी सर्वांना दिसते, कोणी किती उपसले ते कळते. बोअरचे पाणी डोळ्यांआड असते आणि वीजबिल मीटरवर नसून अश्वशक्तीवर असेल, तर उपशाचा हिशेब कुठेच उरत नाही. म्हणून निव्वळ छिद्रे मोजून भागणार नाही.

विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी ठरवला, भूमिहीनांनाही तो दिला आणि उसाला मनाई केली. हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी बोअर बंद केल्या, पण त्याच्या जोडीला दरवर्षी पाऊस मोजून, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मग पिके ठरवण्याची पद्धत घातली. बंदी एकटी असती तर तिथेही टिकली नसती, असे माझे मत आहे.

कायद्याचा आधारही आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, ही तरतूद महाराष्ट्राच्या 1993 च्या भूजल अधिनियमापासून आहे. 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहिरींनाही लगाम घातला. तुमच्याकडच्या 600 फुटांच्या बोअर या चौकटीत कुठे बसतात, ते ग्रामसभेत वाचून दाखवा.

बालाघाटकर:
सर्वांचे आभार. ठरावाच्या मसुद्यात बदल सुचवतो: जुन्या बोअरधारकांनी उन्हाळ्यात उसाला पाणी देऊ नये, कोरड्या बोअर खालपासून नीट भरून बंद कराव्यात आणि दिवाळीनंतर गावातील प्रत्येक विहिरीची पातळी मोजून आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. पहिल्या कलमाला सर्वांत मोठा विरोध आमच्याच भावकीतून होईल. फळबागांना सूट द्यावी की नाही, यावर मोसंबीवाल्यांनी आपले मत अवश्य कळवावे.

मोसंबीवाला:
सूट द्या, पण ठिबक असलेल्या आणि आधीपासून उभ्या असलेल्या बागांनाच. नव्या लागवडीला नको.