'संक्रमण' की 'स्थित्यंतर'? कॅन्सरच्या पेशींसाठी शब्द हवाय

शब्दवेडी: एक माहितीपत्रक मराठीत करतेय, कॅन्सर अंगात पसरताना पेशी आपली 'स्टेट' कशी बदलतात त्यावर. आधीच्या मसुद्यात 'एपिथेलियल-मेसेनकायमल ट्रान्झिशन'ला कुणीतरी 'संक्रमण' लिहिलंय. शब्द चूक नाही, मकरसंक्रमण आपण म्हणतोच, पण कोविडपासून हिंदी बातम्या ऐकून ऐकून संक्रमण म्हणजे संसर्ग असं लोकांच्या डोक्यात बसलंय. मावशीची केमो चालू आहे, तिला वाचायला दिलं तर पहिला प्रश्न, "म्हणजे माझा कप वेगळा ठेवायचा का गं?" तिथेच खोडला तो शब्द. आता दुसरा कुठला?

पेन्सिल: अवस्थांतर करा की.

बोरूबहाद्दर: अजिबात नको. 'तिसऱ्या अवस्थेतला कॅन्सर' म्हणतात तिथे अवस्था म्हणजे स्टेज, आजार कुठवर गेलाय त्याचं माप. स्टेट एकेका पेशीची, एकाच गाठीत शेजारशेजारच्या दोन पेशींची वेगवेगळी असू शकते. वाचणाऱ्याला वाटेल स्टेज वाढली, उगाच घाबरवाल.

लॅबातला: डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. डिशमधल्या एपिथेलियल पेशी, शाळेच्या पुस्तकातल्या अभिस्तर, फरसबंदीसारख्या एकमेकींना चिकटून असतात, ई-कॅड्हेरिन नावाचं प्रोटीन त्यांना धरून ठेवतं. त्यात टीजीएफ-बीटा, म्हणजे पेशींना इशारा देणारं एक प्रोटीन, घातलं की काही दिवसांत ई-कॅड्हेरिन कमी, व्हिमेंटिन नावाचं दुसरं प्रोटीन जास्त, आणि पेशी चातीसारख्या लांबट होऊन सुट्या सुट्या सरकायला लागतात, म्हणजेच मेसेनकायमल होतात. जीन्समध्ये नवीन बिघाड व्हायलाच हवा असं नाही, कुठलं जीन चालू कुठलं बंद एवढं बदललं तरी पुरतं. टीजीएफ काढून घेतलं की बऱ्याचदा पुन्हा फरशी! म्हणून 'रूपांतर' पण मला पटत नाही, फुलपाखराचा परत सुरवंट होत नाही. शिवाय धड इकडच्या ना धड तिकडच्या अशाही पेशी असतात, बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत मोहित कुमार जॉलींचा ग्रुप या अधल्यामधल्यांची गणिती मॉडेलं करतो.

बोरूबहाद्दर: मग स्थित्यंतर! स्थिती अधिक अंतर, तयार शब्द आहे.

पेन्सिल: अग्रलेखातला वाटतो हो, 'राजकीय स्थित्यंतर' छाप. मी तर बहुरूपी म्हणेन, सकाळी पोलीस दुपारी साधू, माणूस तोच.

शब्दवेडी: बहुरूपी मस्तच. आणि मेटास्टॅसिस, म्हणजे कॅन्सर दुसऱ्या अवयवात जाऊन वाढणं? ग्रीकात जागा बदलणं, म्हणून स्थलांतर लिहिलंय.

बोरूबहाद्दर: ऊसतोडीला जाणारे घराला कुलूप लावून जातात, त्याला स्थलांतर म्हणायचं. इथे मूळ गाठ जागेवरच असते की. बोलताना आपण 'लिव्हरमध्ये सेकंडरी आल्यात' नाहीतर 'मुळं पसरली' म्हणतो.

लॅबातला: मुळं नको. मूळ झाडाला जोडलेलं असतं, या पेशी सुटून रक्तातून जातात. बी म्हणा, स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने 1889 मध्येच म्हटलंय. स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या 735 बायकांच्या नोंदी बघून तो म्हणाला की बी सगळीकडे उडतं पण मानवणाऱ्या जमिनीतच रुजतं. आणि रुजल्यावर बऱ्याच पेशी परत चिकटून राहणाऱ्या होतात, तिथे तुमचा बहुरूपी पुन्हा वेष बदलतो.

शब्दवेडी: मावशीला पुन्हा वाचून दाखवलं. स्थित्यंतरला तोंड वाकडं केलं, बहुरूपीला हसली. तर मथळ्यात स्थित्यंतर, खाली बहुरूपी आणि बी. 'अभिस्तर'चं काय करू ते मात्र सांगा कुणीतरी, तिने तो 'अभिषेक' वाचला.