भाऊजींच्या कंपनीची थकबाकी आमच्या कर्जाला चिकटू नये म्हणून करारात काय बदलून घ्यावं?

हळदीचा_हिशेब, कुपवाड
नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमचा हळद पावडरीचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. हिशेब मी बघते. थोरल्या भाऊजींचं तासगाव रोडला कोल्ड स्टोरेज आहे, तीही प्रायव्हेट लिमिटेड, पण वेगळी. माझे मिस्टर मात्र दोन्हीकडे संचालक.

सौद्यात माल उचलायला रोख लागते, म्हणून एका फायनान्स कंपनीकडून २ कोटींची कर्जमर्यादा मंजूर करून घेतली. मसुद्यात ‘कर्जदार’ म्हणजे आमची कंपनी ‘आणि तिच्या सर्व सहयोगी व समूह कंपन्या’. त्यातल्या कुणाचंही देणं थकलं तर आमचं खातंही थकीत. कारखान्याचं तारणही ‘सर्व देण्यांसाठी’. फायनान्स कंपनीचे साहेब म्हणतात, छापील मसुदा आहे, सगळेच सह्या करतात.

भाऊजींशी आमचं काडीचंही वाकडं नाही. पण बेदाण्याचा दर पडला की शेतकरी माल हलवत नाहीत, त्यांचं भाडं अडकतं. त्यापायी आमच्या कामगारांचा पगार का थांबावा?

सीएस_मिरज
ताई, सही थांबवा. भाऊजींच्या कंपनीनं सही केली नाही तर हा करार तिला बांधत नाही. तुमची कंपनी मात्र सही करतेय, त्यामुळे तुमचं तारण त्यांच्या देण्याला जोडलं जाऊ शकतं. खरा धोका हा आहे.

व्याख्येत फक्त तुमच्या कंपनीचं पूर्ण नाव आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, घाला. तारण ‘या करारातील देण्यापुरतं’ असं लिहून घ्या. समूहातल्या थकबाकीचं कलम पूर्ण काढा, अगदीच अडले तर ज्या कंपनीच्या कर्जाला तुम्ही लेखी हमी दिली आहे तिच्यापुरतंच ठेवा. शिलकीतून परस्पर वळतं करण्याचं कलमही बघा, त्यातही ‘समूह’ दडलेला असतो. सही झाल्यावर तारणाचा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा सीएचजी-१ फॉर्म ३० दिवसांत भरतात. भरण्याआधी त्यातलं वर्णन स्वतः वाचा. करार नीट आणि फॉर्ममध्ये जुनाच मजकूर, असं होतं.

‘मग हमी तरी द्या’ असं म्हणतील. संचालक सामाईक असताना दुसऱ्या खासगी कंपनीच्या कर्जाला हमी द्यायची तर कंपनी कायद्याचं कलम १८५ आडवं येतं. काही खासगी कंपन्यांना सूट आहे, नाहीतर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. शिवाय कंपनीनं दिलेल्या हमीवर वर्षाला रकमेच्या १ टक्का मूल्य धरून जीएसटी लागतो. २ कोटींवर २ लाख, त्यावर १८ टक्के म्हणजे ३६,००० रुपये. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर भार हलका होतो, पण बिल करावंच लागतं.

निवृत्त_शाखाधिकारी, विश्रामबाग
सावकाराची बाजूही समजून घ्या. एका कंपनीच्या नावानं पैसा उचलून भावाच्या कंपनीत घातलेला मी भरपूर पाहिलाय. म्हणून समूहाची माहिती मागतात. ती मोकळेपणानं द्या, ताळेबंद, कर्जखाती, सगळं. पण माहिती देणं वेगळं आणि जबाबदारी अंगावर घेणं वेगळं, हे त्यांना स्पष्ट सांगा. खाती स्वच्छ असतील तर कलमं बदलतात, छापील असली तरी.

एक मात्र सांगतो. मिस्टरांनी दोन्हीकडे वैयक्तिक हमी दिली असेल तर कंपन्या कितीही वेगळ्या ठेवा, घर दोन्हीकडून गुंततं. हमीपत्रं काढून बघा.

हळदीचा_हिशेब, कुपवाड
दोघांचे मनापासून आभार. हमी दोन्हीकडे आहे. भाऊजींकडची बदलून घेता येईल का, हे दोघं भाऊ बसून बघतील.

अजून एक. आमची हळदीची पोती त्यांच्याच कोल्ड स्टोरेजमध्ये असतात. त्याचं काय?

निवृत्त_शाखाधिकारी, विश्रामबाग
हे आधी मिटवा. उद्या त्यांचा सावकार कुलूप लावायला आला तर पोती कुणाची हे दारात सिद्ध करावं लागेल. प्रत्येक लॉटची पावती कंपनीच्या नावानं घ्या, लॉट नंबर पोत्यावर मारा, चेंबरमध्ये तुमचा माल वेगळा रचून कंपनीच्या नावाची पाटी लावा. भाडं बाजारभावानं, बिलावर आणि बँकेतूनच द्या, आपसात वळतं करू नका. भाडं थकलं तर माल अडवायचा हक्क कोल्ड स्टोरेजला असतो, तेव्हा ते वेळेवर द्या. आणि ‘भाडेकरूंच्या मालावर आमचा दावा नाही’ असं पत्र भाऊजींच्या सावकाराकडून मागा.

हळदीचा_हिशेब, कुपवाड
पत्रासाठी भाऊजींना आजच सांगते. मसुदा लाल खुणा करून सोमवारी परत पाठवतेय.