शब्दचर्चा : ‘चिनी ऑपेरा’ आणि ‘जतन’

लिप्यंतर : ‘खुन-छ्यू’ या चिनी ऑपेराच्या प्रकारावरच्या लेखाचे मराठी भाषांतर चालू आहे. त्यात ‘चिनी ऑपेरा’ला मराठी प्रतिशब्द हवा आहे. ‘संगीत नाटक’ चालेल का? शिवाय मूळ लेखात ‘छ्वान-छंग’ असा शब्द येतो, त्याला ‘जतन’ म्हणावे का?

तालकरी : मूळ शब्द ‘शी-छ्यू’. ‘शी’ म्हणजे खेळ. नाटकाचाही आणि मुलांचाही. आपण ‘नाटकाचा खेळ लागला’ म्हणतो, अगदी तसा. ‘छ्यू’ म्हणजे गाण्याची चाल किंवा पद. ‘संगीत नाटक’ जवळचे आहे, पण ते ऐकले की वाचकाला किर्लोस्करांचे शाकुंतल आठवणार. शी-छ्यूमध्ये कसरती आणि लढायाही असतात. ‘चिनी गीतनाट्य’ त्यातल्या त्यात बरे.

मात्र एका प्रकाराचे नाव सगळ्यांना लावू नका. पेकिंग ऑपेरा म्हणजे ‘चिंग-च्यू’. त्याची सुरुवात 1790 पासून धरतात, छ्येनलुंग बादशहाच्या 80व्या वाढदिवसानिमित्त आन्हुइ प्रांतातल्या नाटक मंडळ्या राजधानीत आल्या तेव्हापासून. सूचौजवळच्या खुनशानचे ‘खुन-छ्यू’ त्याहून जुने आहे. 16व्या शतकात वेइ ल्यांगफूने त्याची गायकी घडवली.

लिप्यंतर : आणि ‘पान-येन’? शब्दकोशात ‘फळी-डोळा’ असा अर्थ आहे. काहीच बोध होत नाही.

तालकरी : तो ताल आहे. पान म्हणजे लाकडी टाळ्यांचा ठोका, जोराची मात्रा. येन म्हणजे मधल्या हलक्या मात्रा. ‘एक पान, तीन येन’ हे चार मात्रांचे आवर्तन. पान पहिल्या मात्रेवर. ‘टाळी-खाली’ असे भाषांतर मोह पाडते, पण करू नका. आपली खाली आवर्तनात ठराविक जागीच येते. येन मात्र पान सोडून प्रत्येक मात्रेला म्हणतात. ‘पान आहे, येन आहे’ हा बोलीतला वाक्प्रचार झाला आहे, अर्थ : काम रीतसर, शिस्तीत.

तळटीप : ‘जतन’बद्दल. ‘छ्वान’ म्हणजे पुढे देणे, ‘छंग’ म्हणजे ते घेऊन पेलणे. देणारा हवा तसा घेणाराही हवा. ‘जतन’मध्ये घेणारा दिसत नाही, वस्तू कपाटात ठेवली तरी जतन होते. ‘घराणे चालवणे’ यातले ‘चालवणे’ अधिक नेमके.

हा भेद शब्दापुरता नाही. खुन-छ्यूची कुंगछ चिन्हांची स्वरलिपी आहे. अक्षराशेजारी स्वर, बाजूला तालाच्या खुणा. एवढ्यावर गाणे उभे राहत नाही. तिथे प्रत्येक अक्षर डोके, पोट, शेपूट (म्हणजे उच्चाराची सुरुवात, मध्य, शेवट) असे उलगडून गातात; शेपूट लवकर मिटले तर स्वर कोंडतो, मिटलेच नाही तर शब्द कळत नाही. ते केव्हा मिटायचे, हे चिन्हात नसते. म्हणून तिथे म्हणतात, ‘तोंडाने द्यावे, मनाने घ्यावे’. आपल्याकडची गुरुमुखी विद्याच म्हणा.

1921 मध्ये सूचौला खुन-छ्यूची शाळा निघाली. तिच्या मुलांच्या रंगमंचीय नावात मधले अक्षर ‘छ्वान’ ठेवले, तेच ‘पुढे देणे’. गंमत शेवटच्या अक्षरात आहे. चौ छ्वानयिंग तरुण नायक, म्हणून ‘यिंग’च्या चिन्हात रत्नाची खूण. चू छ्वानमिंग स्त्रीपार्टी, त्याच्या ‘मिंग’वर गवताची. वांग छ्वानसुंग विदूषक, ‘सुंग’मध्ये पाण्याची. नाव वाचले की भूमिका कळते! 1956 मध्ये ‘पंधरा माळा नाणी’ हे खुन-छ्यूतले नाटक गाजले, तेव्हा यांतले चौ आणि वांग त्यात होते. एका नाटकाने अख्खा प्रकार वाचवला, असे तेव्हा वृत्तपत्रात छापून आले.

लिप्यंतर : मग शीर्षक ‘खुन-छ्यूचे जतन’ऐवजी ‘खुन-छ्यू चालवणारे’?

तळटीप : चालेल. फक्त युनेस्कोने 2001 मध्ये खुन-छ्यूला मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून घोषित केले, त्याबद्दलच्या परिच्छेदात ‘जतन’ राहू द्या. तिथे ते शोभते.