'सुमिमासेन' : माफी, आभार की नुसतं 'अहो'?

नुकताच जपानला जाऊन आलो. तिथे उठता-बसता कानावर पडायचा तो शब्द 'सुमिमासेन'. पुस्तकात अर्थ 'माफ करा' असा दिलाय. पण लिफ्टचं दार मी धरून ठेवलं, तर आत आलेल्या आजी मलाच 'सुमिमासेन' म्हणत वाकल्या. माफी कसली? इझाकायात, म्हणजे दारू आणि खाणं मिळणाऱ्या ठिकाणी, वेटरला हाकही हीच, शेवटचा 'से' चांगला लांबवून. जाणकारांनी उलगडा करावा.

> मूळ क्रियापद 'सुमु', म्हणजे संपणं, मिटणं. 'सुमिमासेन' हे त्याचं नम्र नकारार्थी रूप: मिटत नाही. तुम्ही माझ्यासाठी तसदी घेतलीत, ती काही अशी मिटायची नाही. आपण 'उपकार फिटत नाहीत' म्हणतो, त्यातलं 'फिटणं' याच्या अगदी शेजारचं. आजींना तुम्ही खोळंबलात हे बोचलं. त्या 'आरिगातो', म्हणजे 'धन्यवाद', म्हणाल्या असत्या तरी चुकलं नसतं. पुष्कळदा दोन्ही पाठोपाठ येतात. घाईत त्याचं 'सुइमासेन' होतं, तेही ऐकलं असेल.

> घरात, मित्रांत माफी मागायला मात्र 'गोमेन'. बायकोला कुणी 'सुमिमासेन' म्हणायला लागला तर तिला परकंच वाटेल!

मग खरोखर काही चुकलं, तर?

> कामाच्या ठिकाणी किंवा गिऱ्हाइकासमोर 'सुमिमासेन' तोकडं पडतं. तिथे 'मोशिवाके आरिमासेन', म्हणजे 'सांगायला सबब नाही'. कंपन्यांच्या निवेदनांत 'ओवाबी' असतं, ती रीतसर क्षमायाचना. नोव्हेंबर 2017 मध्ये त्सुकुबा एक्सप्रेस या रेल्वेमार्गावरची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्थानकातून 20 सेकंद लवकर सुटली, तर कंपनीने जाहीर माफी मागितली होती. (आमच्या लोकलवाल्यांनी हे वाचू नये.)

मराठीत एकच प्रतिशब्द सुचवा ना, भाषांतरात वापरायचाय.

> एक नाही सापडणार, आणि शोधूही नका. हॉटेलात हाक मारायला 'अहो, जरा इकडे'. गर्दीत वाट काढताना 'जरा सरकता का'. धक्का लागला तर 'सॉरी', तेच आपण बोलतो. तुमच्या आजींसाठी 'अहो, कशाला थांबलात!'. यात आभार आणि संकोच दोन्ही आले, 'क्षमस्व' लिहिलंत तर आजी एकदम मंत्रालयातून आल्यासारख्या वाटतील.

पटलं. आता 'दोमो'चंही सांगून टाका.

> 'दोमो' म्हणजे 'फार'. काय फार, ते समोरच्याने ओळखायचं.