दोन खोल्यांच्या घरातली पंगत

घर दोन खोल्यांचे असेल तर बारशासाठी किंवा वाढदिवसासाठी सरळ मंगल कार्यालय घ्यावे, असे काही जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यातील खेड्यात बहुतेक घरे अशीच लहान आहेत, तरी पाहुणे घरीच येतात, कारण कार्यक्रम चार भिंतींत मावावा अशी अपेक्षाच कोणी धरत नाही. तो ओसरीवर, अंगणात आणि गरज पडल्यास शेजाऱ्यांच्या ओट्यावर होतो.

खरा प्रश्न जागेचा नसून जेवणाच्या बेताचा आहे. रोडगे केले तर घरातली चूल अडत नाही: कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा वळायचा, तो गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, खरपूस भाजायचा आणि राख झटकून, कुस्करून तुपासोबत वाढायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण असले की पंगत भागते. भाजण्याचे काम पुरुष मंडळी हौसेने अंगावर घेतात, त्यामुळे घरातील बायांनाही आलेल्यांशी निवांत बोलायला सवड मिळते, आणि मला या बेताचे सर्वांत मोठे सुख हेच वाटते. आर मात्र कुटाराच्या, म्हणजे वाळलेल्या भुशाच्या, ढिगापासून लांब, वाऱ्याची दिशा पाहूनच लावावा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा जेवणे दिवस मावळल्यावरच ठेवावीत, आणि म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी आतली खोली सामान हलवून, कूलर लावून मोकळी ठेवावी.